जिवंत माणसाचा टाक

मृत्यू माणसामाणसांत भेद करत नाही, हे वाक्य सुंदरराव गव्हाण्यांनी पंचक्रोशीतल्या एकूण एक दशक्रिया विधीत माइकवरून म्हटलेलं होतं, आणि दरवेळी त्यांचा आवाज तेवढाच भरून आलेला होता. सिरसाळ्याच्या सोनारानंही भेद केला नाही. त्याच्याकडं साचा एकच होता.

त्या साच्यातून त्यानं चांदीच्या पत्र्याचे दोन टाक ठोकून दिले. दोन्हींवर घोडा, घोड्यावर स्वार, स्वाराच्या हातात तलवार. स्वाराला मिशा होत्या. विजयसिंहला नव्हत्या, तो एक दिवस दाढी चुकवायचा नाही. पण घरातल्या अकाली गेलेल्या पुरुषाला देव्हाऱ्यात बसवायचं तर स्वार लागतो आणि स्वाराला मिशा लागतात. त्यावर सोनाराशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एक टाक विजयसिंहचा, सुंदरराव आणि वनमालाच्या एकुलत्या एक मुलाचा. मांजरसुंब्याच्या ढाब्यापुढं डोक्यात जीपचा पाना बसून तो गेला. दुसरा टाक अमरसिंहचा. पाना त्याच्या हातात होता. अमर हा सुंदररावांच्या धाकट्या भावाचा, तानाजीचा मुलगा. आणि तो जिवंत होता, हर्सूलच्या तुरुंगात.

जिवंत माणसाचा टाक करायची कल्पना दगडाबाईंची. या दोघा भावांची ही थोरली, विधवा बहीण. घरातले सगळे देव त्यांच्या ताब्यात. विजयच्या वर्षश्राद्धाला त्या एक टाक आणायला गेल्या आणि दोन घेऊन आल्या.

"अक्का, ह्यो दुसरा कुणाचा?" वनमालानं विचारलं होतं.

"अमऱ्याचा."

"आवं, तो जिता हाय की."

"आज हाय. सुंदऱ्यानं फाशीची शपथ घेतल्याय ना माइकवर? मंग पुन्ना मलाच जावं लागंल सोनाराकडं. माझे गुडघे हेत का आता तसले?"

ओळखू यावा म्हणून विजयच्या टाकाला दगडाबाईंनी लाल दोरा बांधला. यंदा दिवाळीत चिंच लावून देव उजळताना तो दोरा सुटला आणि पाण्याबरोबर मोरीत गेला. तेव्हापासून वनमाला रोज सकाळी दोघांनाही आंघोळ घालत होती. दोघांनाही गंध, दोघांनाही फूल. एक आपला मुलगा आहे आणि एक त्याला मारणारा, एवढं तिला पक्कं माहीत होतं. कोणता कोण, एवढंच माहीत नव्हतं.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. त्यात आणखी एक गोष्ट होत होती. ती दोघांना देव्हाऱ्याच्या दोन टोकांना ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ते मधोमध आलेले असायचे. मधोमध मनकर्णाचा टाक होता. मनकर्णा म्हणजे अमरची आई. तो रांगत होता तेव्हाच ती गेली, आणि पुढं त्याला वनमालानंच वाढवलं, विजयच्याच ताटात. दोन्ही घोडे मनकर्णाला दोन बाजूंनी टेकलेले सापडायचे. एकच टेकला असता, तर तो अमर असं धरून चालता आलं असतं.

*

शुक्रवारी बीडच्या कोर्टानं अमरसिंहला दोषी ठरवलं. शिक्षा सोमवारी सुनावणार होते. मधल्या रविवारी दुपारी, खून झाल्यापासून पहिल्यांदाच, तानाजी मागच्या दारानं भावाच्या घरात आला. दोन्ही घरांची भिंत एकच होती, त्यामुळं त्याला फार चालावं लागलं नाही.

गाव रिकामं होतं. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की या गावात बंद दारं उरतात. कुलपांवर बोराटीच्या फांद्या लावलेल्या, आणि ओट्यांवर, ज्यांना आता कोयता पेलत नाही, अशी म्हातारी माणसं. दुपारी कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. भुंकावं असं कुणी येत-जात नाही. अशा वेळी घरात बोललेलं चार घरं पलीकडं ऐकू जातं. ऐकायला मात्र कुणी नसतं.

सुंदरराव खुर्चीत बसले होते. अनवाणी. दहाव्याच्या दिवशी त्यांनी शपथ घेतली होती, की अमऱ्याला फाशी होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा त्यांची साखर तपासलेली नव्हती. आता दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, आणि ड्रेसिंगवाला बघून गेला की घरातले सगळे थोडा वेळ हळू बोलत.

"सरकारी वकील नेमकं काय म्हणले, ते सांग बरं काकाला," ते मुलीला म्हणाले.

प्रियदर्शनी ही विजयची धाकटी बहीण. संभाजीनगरला एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली काम करायची. "म्हणाले, घरच्यांचं काय मत हाय ते ठरवून ठेवा. आईंचं विशेष."

"म्हंजी सायेब उद्या वनमालाला उभं करणार," सुंदरराव म्हणाले. "नि विचारणार, बाई, फाशी का जन्मठेप?"

यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. वनमाला चहा गाळत होती. उद्या आपण जो शब्द बोलू त्यावर अमऱ्याची मान आहे, हे तिला शुक्रवारपासून कळून चुकलं होतं. तेव्हापासून ती साधं 'मीठ दे' म्हणतानासुद्धा जपून बोलत होती.

"फाशी," प्रियदर्शनी म्हणाली. "चर्चेचा प्रश्नच न्हाई."

तानाजीनं टीव्हीशेजारच्या शोकेसकडं बघितलं. तिथं तिचा वक्तृत्व स्पर्धेतला चषक होता. 'फाशीची शिक्षा रद्द झालीच पाहिजे', जिल्ह्यात पहिली. "पियू, तवा तूच बोललीस की. सरकारनं माणूस मारू न्हाई म्हणून. मी आलतो ऐकायला. फेटा बांधून आलतो."

"तेव्हा माझा भाऊ जिवंत होता, काका."

"मंग ते मुद्दे खोटे हुते का?"

"मुद्दे तेच हेत. मी ती न्हाई."

"दुर्मिळातलं दुर्मिळ प्रकरण हाय हे," सुंदररावांनी भाषणाचा आवाज काढला. "सख्ख्या चुलत्याच्या पोरानं—"

"तिथंच घोडं अडणार हाय, बापू," प्रियदर्शनी म्हणाली. "भांडण झालं कशावरनं? वाढदिवसाच्या फ्लेक्सवरनं. विजयदादाचा फोटो वर, मोठा. नि अमरचा खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत. आमचे सर म्हणत होते, फाशीसाठी ह्याला दुर्मिळ म्हणायचं कसं? एवढ्या कारणावरनं पाना उचलणारे आपल्याकडं कमी हेत का?"

सुंदररावांना हे अपमानास्पद वाटलं. फ्लेक्सचा मजकूर त्यांनी स्वतः दिला होता.

तेवढ्यात तानाजी म्हणाला, "दादा, मी भांडाय आलो न्हाई. मी बी तेच सांगाय आलोय. वहिनीनं उद्या फाशीच म्हणावं."

बाहेर कुठंतरी कुलपावरची बोराटीची फांदी वाऱ्यानं दार खरवडत होती.

सुंदरराव आणि तानाजी यांचं हयातीत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. विहीर कुठं पाडायची, आईला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, सोसायटीत कोणत्या पॅनेलला मत द्यायचं, काहीच नाही. आई त्या दवाखान्याच्या वादातच गेली, निर्णय व्हायच्या आधी. त्यामुळं भाऊ आपल्याच बाजूला येऊन बसलेला बघून सुंदरराव अस्वस्थ झाले. त्यांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"तू कावून म्हणायलास फाशी? बाप हायस का कोण?"

"बाप हाय म्हणूनच."

"डाव हाय ह्येचा," सुंदरराव मुलीकडं वळले. "खालच्या कोर्टात फाशी, मंग हायकोर्ट, मंग दिल्ली, मंग दयेचा अर्ज. लोकांस्नी त्येचीच दया यायला लागती. नि एक दिस हार घालून घ्यायला परत गावात. माझ्या तोंडून मागवून घ्यायलाय ह्यो! न्हाई. जन्मठेपच पायजे. बस म्हणावं कुजत."

"बापू, मग तुमची चप्पल?"

सुंदररावांनी आपल्या पायांकडं बघितलं. हा मुद्दा त्यांच्या बाजूनं कुणी मांडायला नको होता. "म्हंजी जन्मठेप मलाच झाली की," ते म्हणाले.

"चप्पलच म्हणलतास तू," दगडाबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या, त्या मान वर न करता बोलल्या. "बुटाचं न्हाई काय बोललास. मी पुढंच बसलेती."

तानाजी कुणाकडंच बघत नव्हता. "डाव न्हाई, दादा," तो म्हणाला. "विजय येतोय."

तानाजीला चहा देऊन वळलेली वनमाला तिथंच थांबली. "कुठं?"

"आमच्या दारात. दुपारच्याला. 'काका, अमऱ्या हाय का?' जसं विचारायचा ना, फाटकावर हात ठिवून, तसंच. मी म्हणतो, न्हाई रे, हर्सूलला गेलाय. मंग जातो. दुसऱ्या दिशी पुन्ना."

"दिसतो?"

"न्हाई. आवाजच. रागानं न्हाई बरं का, वहिनी. साधंच विचारतो."

"काका, डॉक्टरला दाखवा," प्रियदर्शनी म्हणाली.

"दावलं. गोळ्या दिल्यात. गोळ्या सुरू केल्यापून आवाज लई साफ यायलाय." त्यानं बशी खाली ठेवली. "किती दिस खोटं सांगू त्याला? खोटं बी न्हाई म्हणा. पण फाशी झाली की अमऱ्या त्येच्याकडं जाईल. दोघं मिळून कुठं जायचं तिकडं जातील. विचारायचं तरी थांबंल."

वनमालाला आधी राग आला. खून झाल्यापासून ती दर अमावस्येला मागच्या ओट्यावर पान वाढत होती. दार उघडं ठेवत होती. इतक्या दिवसांत पोटच्या पोरानं एकदा 'आई' म्हणून हाक दिली नव्हती, आणि भिंतीपलीकडं जाऊन तो विचारत होता कुणाला, तर ज्यानं मारलं त्याला.

"फाशीचं माणूस मिळून-बिळून कुठं जात न्हाई," दगडाबाई म्हणाल्या. "दोर कापला की थेट घरी येतंय. जन्मठेपेचं निदान सरकारच्या कुलपात तरी असतंय."

"ते बी पॅरोलवर येतंय," सुंदरराव म्हणाले.

"पर सांगून येतंय."

यावर काय बोलावं हे प्रियदर्शनीला सुचत असावं, कारण तिनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तानाजी उठला. घाईनं नाही, कुणी हाक मारल्यावर माणूस उठतो तसा. मागच्या दारापाशी गेला, चौकटीला हात लावून रिकाम्या परसात वाकला आणि म्हणाला, "न्हाई रे. उद्या कळंल." मग परत आला, जागेवर बसला आणि बशीतला उरलेला चहा प्याला.

दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. फक्त सुंदररावांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीत घेतले होते.

तेव्हा देव्हाऱ्यात 'टिंग' असा बारीक आवाज झाला.

"ट्रक गेला असंल," प्रियदर्शनी लगेच म्हणाली. रस्ता दोन शेतं पलीकडं होता आणि ट्रक सगळे कारखान्यांवर होते, हे तिलाही माहीत होतं.

वनमाला उठून देव्हाऱ्यापाशी गेली. सकाळी तिनंच दोघांना दोन टोकांना ठेवलं होतं. आता दोघंही मधोमध होते. एक मनकर्णाला टेकलेला, आणि एक तोंडावर पडलेला. तिनं दोन्ही उचलले, दोन तळव्यांवर घेतले आणि खोलीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"ह्यातला विजय कोणता?"

"दोरा कुठाय?" दगडाबाईंच्या हातातली वात थांबली.

"दिवाळीत गेला."

"तवापून?"

"तवापून दोघांनाबी घालतेय मी आंघोळ."

सुंदरराव पुढं वाकले. "ह्यो. उजवा. विचारायचं काय त्यात?"

तानाजीनं डाव्याकडं बोट केलं.

प्रियदर्शनीनं दोन्ही घेतले, दाराच्या उजेडात नेले, उलटे केले, नखानं खरवडले, मोबाइलची बॅटरी लावून बघितले. ती बराच वेळ बघत होती. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वकील कुठं उरला नव्हता. "आई, हे एकच हेत गं," ती म्हणाली.

वनमालानं टाक परत घेतले. आणि तेव्हा तिला कळलं, की डाव्या हातातला गार आहे आणि उजव्यातला ऊन. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा नव्हे, माणसाच्या कपाळासारखा. जिवंत तो ऊन, का जो आत्ता दारात येऊन गेला तो ऊन? तिनं विचार करायला मुठी मिटल्या. उघडल्या तेव्हा तिच्याच हातांच्या उबेनं दोन्ही सारखे झाले होते.

"उद्या मी फाशी म्हणणार न्हाई," ती म्हणाली.

"बघ!" सुंदरराव तानाजीला म्हणाले, मग बायको आपल्या बाजूला आली आहे हे लक्षात येऊन थोडे बावरले.

"तू माफ केलंस त्याला?" प्रियदर्शनीचा आवाज चिरकला. "तुझ्याच ताटात वाढला तो, आई. म्हणून?"

"माफ न्हाई केलं. सुटून आला तरी ह्या उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. पाणी बी देणार न्हाई." वनमाला टाकांकडं बघून बोलत होती. "पण जिता ऱ्हाऊ दे. तो जिता हाय तवर ह्यातला कुठलाबी त्याचा न्हाई. दोन्हीबी माझ्या विजयचेच. तो लटकला की एक त्याचा झाला. मंग रोज सकाळी मी कुणाच्या अंगावरनं हात फिरवायलेय, हे मला कोण सांगणार? तू सांगतीस?"

दगडाबाईंनी पुन्हा वात वळायला घेतली. तानाजी मान खाली घालून बसला होता. पोराचा जीव वाचवायला कुणीतरी तयार झालं होतं, आणि त्याला उद्या दुपारी फाटकाकडं बघून काय सांगायचं हा प्रश्न तसाच होता.

एक गोष्ट वनमालानं सांगितली नाही. जोवर अमऱ्या कुठंतरी आहे, तोवर विजय त्याला विचारायला येणार. भिंत एकच आहे. मंगळवारपासून दुपारची ती मागच्या दारापाशी बसणार होती.

*

सोमवारी त्यांनी वडवणीवरून गाडी घातली. विजय जिथं गेला ते मांजरसुंबा या वाटेवर लागत नाही, एवढं एक या खड्ड्यांच्या रस्त्याचं चांगलं. सुंदरराव पांढरे स्पोर्ट शूज घालून पुढं बसले होते. मागं प्रियदर्शनी आणि तानाजी, आता एका मताचे असल्यामुळं, एकमेकांशी न बोलता शेजारी बसले होते. वनमाला काचेला डोकं लावून मनातल्या मनात वाक्य घोळवत होती. 'सायेब, त्याला जिता ठिवा.' 'सायेब, त्याला जिता ठिवा.' शेवटी 'माझ्यासाठी' म्हणावं का नाही, एवढंच ठरत नव्हतं.

कोर्टाची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. पंखा फिरत होता. अमरला आणलं तेव्हा तिनं त्याला ओळखलं नाही. त्यानं मिशा ठेवल्या होत्या. जाड, खाली वळलेल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. देव्हाऱ्यातल्या स्वाराला होत्या तशाच. तिनं सुंदररावांकडं बघितलं. ते बुटाची नाडी बांधत होते.

न्यायाधीशांनी अमरला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का.

अमरनं वळून मागच्या बाकाकडं बघितलं. "मोठी आई बसल्याय तिथं," तो म्हणाला. "ती म्हणंल तसं."

वनमाला उठली. वाक्य ओठांवर आलं होतं, 'माझ्यासाठी'सकट. दारातल्या शिपायानं तिला हातानं खाली बसायची खूण केली. न्यायाधीश टंकलेखकाकडं बघत होते. ते म्हणाले, "आरोपीचं काही म्हणणं नाही, असं घ्या," आणि मग त्याच आवाजात पुढचं वाचत गेले. इंग्रजीच होतं. अमरला पोलिसांनी दंडाला धरून बाहेर नेलं तेव्हा वनमाला अजून अर्धवट उभी होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"जन्मठेप," प्रियदर्शनी म्हणाली.

तानाजीनं भिंतीला हात टेकला. सुंदररावांनी, आपण जिंकलो का हरलो हे न ठरवता आल्यामुळं, एकदा घसा साफ केला.

प्रियदर्शनी सरकारी वकिलांच्या टेबलापाशी गेली. ते कागद आवरत होते. "सर, तुम्ही फाशी मागितलीच नाहीत," ती म्हणाली. "आणि आईला कुणी काहीच विचारलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, घरच्यांचं मत ठरवून ठेवा."

"ते होय?" ते म्हणाले. "ते मी सगळ्यांनाच सांगतो. घरच्यांना जरा बरं वाटतं."

शिपायानं पुढचा पुकारा केला. वीजचोरीचा खटला होता.